नानांनी ओळखलेला भिकू

नाना एखाद्याच्या तोंडाकडे पाहू लागले की त्या माणसाचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे जाई. आपले तोंड जागेवर आहे ना, याची खात्री करून घ्यावी तसा. पापणी न लववता, ओठ किंचित पुढे काढून, त्यांची नजर कपाळावरून हनुवटीपर्यंत सावकाश उतरे. मग ते म्हणत, "व्हय, हाच." त्यानंतरच त्यांच्या पेनचे टोपण निघे. जमीन लिहून देणारा माणूस खरोखर तोच आहे, असे लिहून देणारे दोन साक्षीदार नोंदणीच्या वेळी लागतात. वेल्ह्याच्या खोऱ्यातला कोणीही दस्त करायला आला, तर त्यांतले एक बहुतेक वेळा नाना असत.

हा मान त्यांना टपाल खात्याने मिळवून दिला होता. तोरण्याच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यावस्त्यांत त्यांनी उमेदीची सगळी वर्षे पायी टपाल वाटले. मनीऑर्डर द्यायची ती माणूस पाहून, अंगठा नंतर, हा त्यांचा नियम. निवृत्तीनंतर लोक त्यांना ओळखीसाठी बोलावू लागले. या कामाचे त्यांनी एका चहापलीकडे कधी काही घेतले नाही. म्हणत, "कागुद कुणीबी करून आनंल. तोंड कुठनं करून आननार?"

मी भोरच्या न्यायालयात लिपिक होतो. निवृत्त झाल्यापासून लोकांचे अर्ज, हरकती आणि स्मरणपत्रे लिहून देतो. बसथांब्याच्या छपरापासून कालव्याच्या दारापर्यंत ज्या ज्या विषयावर शासनाला जाब विचारता येतो, त्या त्या विषयावर मी तो विचारलेला आहे. नाना मला भाऊसाहेब म्हणत आणि मनसोक्त थट्टा करीत.

"भाऊसाहेब, तुमी देवाला बी स्मरणपत्र धाडाल."

"धाडले आहे. पोच आलेली नाही."

"पत्त्यात काईतरी चूक आसंल. मला दाखवायचं व्हतं."

नानांचा डावा डोळा लहानपणी करवंदीच्या काट्याने गेला होता. "एकच हाय, पर दोघांचं काम करतो," असे ते उजव्याविषयी अभिमानाने सांगत. तो डोळा बिघडू लागला, ते त्यांनी कोणालाही कळू दिले नाही. मला मात्र कळायला हवे होते. वेल्ह्याच्या बाजारात ते भेटत, तेव्हा माझ्याकडे न पाहता माझ्या कानाच्या पलीकडे पाहत. माझ्या मागे कोणी उभे आहे की काय म्हणून मी दोनदा वळूनही पाहिले. मागे कोणीच नव्हते. ते आधी मला बोलू देत, मग हसत. मी ते वयावर घातले. दुसऱ्यांच्या हलगर्जीपणावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या माणसाला हा स्वतःचा हलगर्जीपणा नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता तो दस्त. कोणत्या कार्यालयात झाला हे मी येथे लिहीत नाही. जेथे लिहायचे तेथे लिहिले आहे. मी एका अर्जाची पोच घ्यायला गेलो होतो आणि नाना बाकावर बसले होते. त्यांच्यापुढे एक माणूस उभा होता. आधार कार्डावर नाव भिकूचे. भिकू हा नानांच्या टपालवाटेवरचा. ऐन तारुण्यात घाट उतरून महाडकडे कामाला गेला तो पुन्हा दिसला नव्हता. नाना त्या माणसाकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी थबकलो.

"भाऊसाहेब, बगा कोन आलंय! भिका! काई बदल न्हाई हो गड्यात. दुसरी सही तुमी करा."

त्या माणसाने वाकून नानांच्या पायाला हात लावला. बोलला मात्र काहीच नाही. मी त्याला जन्मात पाहिलेले नव्हते. 'लिहून देणार यास आम्ही व्यक्तिशः ओळखतो' या छापील वाक्याखाली मी सही केली. यंत्राने त्याचे छायाचित्र टिपले, अंगठा घेतला आणि आम्ही बाहेर पडलो.

काही आठवड्यांनी सरूबाई माझ्या दारात आली. सरूबाई म्हणजे भिकूची बहीण. सातबारा भिकूच्या एकट्याच्या नावे. पण भाऊ महाडकडे गेल्यापासून ती खाचरे हीच लावत होती, त्या भातावरच जगत होती. फेरफाराची नोटीस तिच्या हाती पडली होती. ती रडत नव्हती. तिचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा दिसत होता.

"भावसायब, माजा भिका आलता म्हनं. नानांनी सोता बगितला. भुवईवरची खोक बी तशीच हाय म्हनत्यात. जमीन इकली तर इकली, त्याचीच हाय. पर घरी का न्हाई आला वो? म्या रोज त्याच्या वाटनीची भाकरी ठिवतीया."

 मी दस्ताची प्रमाणित नक्कल काढली. छायाचित्रातला माणूस पुरता टकला, दाढीमिशी साफ केलेला, नाकाजवळ मोठा तीळ असलेला होता. भुवई अखंड. ती नक्कल मी सरूबाईपुढे धरली. तिने पदराने कागद पुसला, पुन्हा पाहिले आणि विचारले, "ह्यो कोन?"

मी तसाच वेल्ह्याची एसटी धरली आणि पायवाटेने नानांच्या वस्तीवर गेलो. ते अंगणात बसले होते. मी विचारले, "नाना, त्या दिवशी आलेल्या भिकूला मिशी होती?"

"काळीभोर. कोरून ठिवल्यावानी."

"केस?"

"कुरळं. कपाळावर आल्यालं."

"नाना, भिकू आता साठीला आला असेल."

 मग त्यांनी सारे सांगितले. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना माणसांची तोंडे दिसत नव्हती. खांदे दिसत, हात दिसत, टोपी दिसे. मधे गढूळ पाण्याचा एक वाटोळा डाग. पुढे पुढे त्या डागात तोंडे उगवू लागली. ती समोरच्या माणसांची नव्हती. पूर्वी ज्या घरांत नानांनी मरणाच्या तारा पोचवल्या होत्या, त्या घरांतली ती तोंडे होती.

"तार घिऊन गेलो की घरातली बाई तार बगायची न्हाई, माझं तोंड बगायची. म्या तिचं. ती सगळी येत्यात. एसटीत बसलो तर कंडक्टरच्या खांद्यावर पारूबाईचं तोंड. तिला जाऊन किती वर्सं झाली! म्या कुनाला सांगू? लोक म्हनत्याल नानाला बाधा झाली. भिकाला बगितलं तवा वाटलं, ह्यो एक तरी जितापनी आला."

"मग सह्या का करीत राहिलात?"

"ओळख सोडून माझ्याकडं दुसरं काय हाय, भाऊसाहेब?"

महाडला चौकशी केली. भिकू कधीच मेला होता. तेथल्या स्मशानाच्या नोंदीत त्याचे नाव होते. सरूबाईला भाऊ मिळाला आणि महिन्याच्या आत तो दुसऱ्यांदा गेला. तिने त्या भाकरी गायीला घातल्या. नानांना ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे ते म्हणाले.

मी फौजदारी तक्रार, दस्त रद्द करण्याचा दावा आणि फेरफारास हरकत अशी तिन्ही कामे एका आठवड्यात उभी केली. नानांनी एकच हट्ट धरला. "कोडतात त्यो माणूस हुबा राहील, तवा मला त्याचं तोंड दिसलं पायजे. न बगता त्याला व्हय म्हनलो. आता न बगता न्हाई कसं म्हनू?"

पुण्यातल्या एका नेत्ररुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद यंत्राच्या काचेवर दाखवला. डोळ्यातली नस जेथे पडद्याला मिळते, तेथे नानांना जन्मापासून एक बारीक खड्डा होता. असा खड्डा फार थोड्यांना असतो, आणि असूनही कित्येकांना तो आयुष्यभर त्रास देत नाही. नानांच्या खड्ड्यातून म्हातारपणी पाणी झिरपू लागले होते आणि पडद्याच्या नेमक्या मध्याखाली, ज्या जागेने आपण अक्षरे आणि तोंडे पाहतो त्या जागेखाली, साठले होते. काचेवर पडदा डोंगरासारखा वर उचललेला दिसत होता आणि त्याच्या पोटात काळे तळे.

"ती तोंडं कुठनं येत्यात, बाई?" नानांनी विचारले.

"आजोबा, डोळ्याकडून काही आलं नाही की मेंदू स्वतःच्या साठ्यातलं काढून तिथं लावतो. हे वेड नाही आणि भूतही नाही. पुष्कळांना होतं, सांगत नाहीत."

मला तो मेंदूचा उद्योग उघड बनावटीचा वाटला. मूळ पान गहाळ, आणि त्या जागी जुन्या दप्तरातले पान शिवून ठेवलेले.

उपाय शस्त्रक्रियेचा होता. डोळ्याला तीन सूक्ष्म छिद्रे पाडून आतला पारदर्शक गर काढायचा, पडद्यावरचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थर सोलून तो त्या खड्ड्यावर बसवायचा, आणि तो तेथे दबून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरायचा. साठलेले पाणी ओसरायला कित्येक महिने लागतात. ओसरेलच अशी खात्री नाही. "आणि हा तुमचा एकच डोळा आहे," बाई म्हणाल्या. "उरलेलं दिसणंही जाऊ शकतं. नीट विचार करा."

"हातभर अंतरावरनं माणसाचं तोंड दिसंल का?"

"तेवढी आशा धरायला हरकत नाही."

मी संमतीपत्र तीनदा वाचले आणि त्यातल्या एका कलमाच्या शब्दरचनेवर लेखी हरकत घ्यायला निघालो. नानांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "डोळा माझा हाय, भाऊसाहेब. कलम तुमचं राहू द्या." आणि सही केली.

डोळा तेवढा बधिर केला होता. नाना जागेच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "डोळ्याच्या आत कुनीतरी दिवा घिऊन फिरत व्हतं. सावली दिसत व्हती. झाडून काढलं त्यानं सगळं."

डोळ्यात वायू असेपर्यंत डोंगर चढायचा नाही, उंचीवर तो वायू फुगतो आणि डोळा जातो, अशी सक्त ताकीद होती. नानांची वस्ती तोरण्याच्या चढावर. म्हणून मी त्यांना भोरला माझ्या घरी ठेवून घेतले. काही दिवस तोंड खाली करूनच राहायचे होते. आम्ही नवारीच्या खाटेच्या पट्ट्या उशाशी सैल करून तोंडापुरती फट केली. नाना पालथे निजत आणि फटीतून त्यांचे तोंड खाली लोंबे. मी खाली सतरंजीवर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. मान वर केली की वीतभर अंतरावर ते तोंड, उजव्या डोळ्यावर जाळीची वाटी, काट्याने गेलेला डावा डोळा उघडा, आणि तो थेट माझ्यावर रोखलेला. त्याला काहीही दिसत नाही, हे ठाऊक असूनही मी जागा बदलून बसे.

तिसऱ्या दिवशी सरूबाई आली. हातात जेवणाचा डबा. नाना पालथे आणि डोळा झाकलेला, त्यामुळे कोण आले ते त्यांना कळेना. ती खाटेखाली वाकली, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "म्या सरू. जेवा." भिकू गेल्याचे कळल्यापासून ती त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. नानांच्या उघड्या डोळ्यातून पाणी सतरंजीवर टपटपले. त्यानंतर तिचा डबा रोज एसटीने आला.

बुडबुडा विरला. डागाच्या कडा आत सरकू लागल्या. दर दीड-दोन महिन्यांनी आम्ही पुण्याला जात असू आणि काचेवरचा डोंगर दर खेपेला थोडा खचलेला दिसे. तारांच्या घरातली तोंडे एकेक करून यायची थांबली. वर्ष होत आले तेव्हा एका सकाळी नाना मला म्हणाले, "भाऊसाहेब, किती म्हातारं झालाय वो तुमी!" माझे तोंड पाहून इतका आनंद कोणी व्यक्त केल्याचे मला आठवत नाही.

दस्तावरच्या छायाचित्रावरून आणि अंगठ्यावरून पोलिसांनी त्या तोतयाला तोपर्यंत शोधून काढले होते. दाव्यात आधी माझी साक्ष झाली. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने विचारले, "तुम्ही या इसमाला ओळखत होता?" मी म्हटले, "नाही." "मग ओळखतो अशा मजकुराखाली सही केलीत?" "केली." "कायदा समजतो तुम्हाला?" "समजतो," मी म्हटले आणि खाली उतरलो. त्या दिवसानंतर मी त्या वकिलाला मनातल्या मनात पुष्कळ पत्रे लिहिली. एकही पाठवण्याजोगे निघाले नाही.

मग नाना. त्यांनी त्या तोतयाच्या जवळ जाण्याची न्यायाधीशांकडे परवानगी मागितली आणि त्याच्यापुढे हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले.  टक्कल, तीळ, कानाची पाळ, गळ्यावरची सुरकुती, सगळे ते पाहत राहिले. त्या माणसाने नजर खाली घातली, मग डोळेच मिटले. नाना पाहतच होते. शेवटी न्यायाधीशांनी विचारले, "हाच इसम त्या दिवशी आला होता का?"

"साहेब, त्या दिवशी म्या ह्येचं तोंड बगितलंच न्हाई. भिकाचं बगितलं. ह्येला आज पयल्यांदा बगतोय."

"म्हणजे तुम्हाला दिसत नसताना सह्या केल्या?" वकील उसळला. "आणखी किती दस्तांवर?"

"डोळा बिगडला त्या पावसाळ्यापास्नं पुढल्या सगळ्यांवर. यादी देतो."

ही यादी कोणी मागितलेली नव्हती. नानांनी ती मला सांगून लिहून घेतली आणि प्रत्येकाला पत्र पाठवायला लावले. सरूबाईचा दस्त रद्द झाला, खाचरे तिच्याकडे राहिली. बाकीचे दस्त पडताळणीत खरे निघाले. पण ज्यांच्या व्यवहारांवर संशय आला, त्यांनी नानांना क्षमा केली नाही. जन्मभर ज्या ओट्यांवर ते टपालाची पिशवी टेकत आले, तेथे त्यांना पाहून लोक आत जाऊ लागले. "आता मला समद्यांची तोंडं दिसत्यात," ते म्हणाले, "आन् समद्यांची पाठ."

दोन वर्षांनी पाणी पुन्हा झिरपू लागले. असे होऊ शकते, पुन्हा शस्त्रक्रिया करता येईल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी अर्ज लिहायला बसलो. नानांनी नको म्हटले. "येकदा बगायचं व्हतं, बगून झालं." तोरण्याखालच्या घरात ते एकटेच राहिले, मुलगी वाईला दिलेली, सरूबाई जेवण पोचवी.

एकदा त्यांनी मला सांगितले की तारांची घरे आता येत नाहीत. एकच तोंड येते. टक्कल, नाकाजवळ तीळ, मिटलेले डोळे. सरूबाईच्या पदराखाली तेच, मुलीच्या खांद्यावर तेच.

"माझ्याही?"

"तुमच्या बी. तवा आलात की आधी बोला, भाऊसाहेब. आवाज तुमचाच ऱ्हातो."

त्यानंतर मी त्यांच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वीच नाव सांगे. शेवटच्या भेटीत मात्र चढाने दम लागला होता. उन्हे कलली होती, सरूबाई झऱ्यावर गेली होती. मी दाराशी टेकून श्वास घेत होतो.

"आलास?" नाना म्हणाले. त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "बस."

मी तोंड उघडले, पण नाव सांगण्याइतका दम नव्हता.

"त्या दिशी तुला ओळखतो म्हनून सही केली, ती खोटी व्हती. आता मातर ओळखतो. कुठंबी हुबा रहा, कसाबी यी. तुझ्या आईनं बी तुला इतकं बगितलं नसंल." ते माझ्या कानाच्या पलीकडे पाहत हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "येक कर. तू यायला लागलास आन् भिका यायचा थांबला. लई गुणाचा पोरगा व्हता. मनीऑर्डर घितली की गूळ द्यायचा हातावर. जाशील तवा तेवढी त्याची जागा त्याला सोडून जा."

चुकीची नोंद डोळ्यांसमोर असताना ती दुरुस्त केली नाही, असे माझ्या आयुष्यात घडलेले नव्हते. नाव सांगायला आता मला पुरता दम होता. पण त्या दस्तावर नानांच्या सहीखाली माझी सही आहे, आणि मलाही तो माणूस ओळखीचा नव्हता. मी तसाच बसून राहिलो. सरूबाईची कळशी खालच्या वाटेवर वाजली, तेव्हा उठलो.

"सोडशील न्हवं?"

मी होकाराची मान हलवली. नानांना कडेचे दिसत असे. त्यांनी ती पाहिली असावी, कारण ते समाधानाने भिंतीला टेकले.